अरुंद झालेले गुरुजी

आठ वर्षांपूर्वी लांज्याकडच्या एका निवृत्त गुरुजींचा फोटो त्यांच्या तेराव्याच्या दिवशी आमच्या दैनिकाच्या रत्नागिरी आवृत्तीत अरुंद छापला गेला, आणि तो मीच अरुंद केला होता. त्याच आठवड्यात कार्यालयात चौकोनी मॉनिटर जाऊन रुंद मॉनिटर आला होता. सेटिंग जुनंच राहिल्याने त्यावर सगळे चेहरे आडवे ताणलेले दिसत. गुरुजीही तसेच दिसले, म्हणून मी फोटो बाजूंनी दाबून पडद्यावर नीट दिसेल इतका केला. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी अंक घेऊन आली. "काका, मुद्दाम चांगल्या तब्येतीतला फोटो दिला होता. शेवटी बाबांची नुसती हाडं राहिली होती, ती लोकांच्या लक्षात राहू नयेत म्हणून. तुम्ही परत आजारी केलंत त्यांना." मी म्हटलं, "ताई, मॉनिटरमुळे झालं. उद्या पुन्हा छापतो." "उद्या कोण बघणार? मुंबईची माणसं कालच गेली, हाच अंक घेऊन." ती गेल्यावर मी सेटिंग बदललं. एक मिनिट लागलं. मूळ फोटो पुन्हा उघडला, तर पडद्यावर गुरुजींचे गाल भरलेले दिसले. तो फोटो दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर छापला. गेल्या महिन्यात बातमीसाठी त्यांच्या शाळेत गेलो. कार्यालयाच्या भिंतीवर गुरुजींची तसबीर आहे. ती तेराव्याच्या अंकातल्या फोटोवरून केलेली आहे.