सारजाबाईंचं गोंदण

सारजाबाईंच्या हनुवटीवरचं गोंदण मी पुसलं. ऊन, साबण, भातलावणीचा चिखल, कुणालाच जे जन्मभरात जमलं नव्हतं, ते माझ्या नव्या कॅमेऱ्यानं एका बटणासरशी केलं.

सारजाबाई म्हणजे मुळशीतल्या नेरे गावातल्या आमच्या घरमालकीण. भात पिकायचा तिथं आता खोल्यांची रांग आहे आणि तीत आम्ही कंप्युटरवाले पिकतो. मोटर कधी लावायची, कुणाचा पाहुणा फार दिवस राहिला, हे सगळं त्या ओट्यावर बसून ठरवतात. परवा मला हाक मारून म्हणाल्या, "माजा फोटू काढ रं. मेल्यावर लावायचा. न्हाईतर आमचा नातू आधार कार्डावरला लावंल. त्यात मी चोरावानी दिसतीया."

अंगणात बसायला त्या तयार नाहीत, भाडेकरू बघतात. फ्लॅश नको, मोतीबिंदू नुकताच काढलाय. राहिली आतली अंधारी खोली. मी मनातून खूशच झालो. अंधारात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली की फोटोत दाणे उमटतात. माझ्या दोन छोट्या कॅमेऱ्यांपैकी कुणाचे कमी, ते मला बघायचंच होतं. म्हातारी मरणाची तयारी करत होती आणि मी तिच्यावर माझी हौस भागवून घेत होतो.

जुन्यानं चेहऱ्यावर रवा पेरला. नव्यानं दाणे पुसून सगळं लोण्यासारखं गुळगुळीत केलं. नव्याला पैकीच्या पैकी गुण देऊन मी तोच फोटो मोठा करून, काच लावून आणला.

आजींनी बोट फिरवलं. आधी काचेवरून, मग स्वतःच्या हनुवटीवरून.

"गोंदान कुटं हाय?"

ते हिरवट ठिपके आणि दाणे यांतला फरक कॅमेऱ्याला कळला नव्हता. मी तर ते पाहिलेही नव्हते.

"रान गेलं, दागिनं सुनांनी नेलं. वर जाताना गोंदान तेवढं संगं येतंय, आई म्हनायची. त्ये बी पुसलंस व्हय रं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा दिला. तो अर्धाच ठेवून मी उठलो.

तसाच खोलीवर पळालो आणि जुना कॅमेरा आणून त्यातला फोटो दाखवला. त्या रव्यातही सुरकुत्या होत्या, आणि हनुवटीवर ते ठिपकेही.

"ह्योच लाव."

"पण आजी, यात दाणे फार आहेत हो. उजेडात पुन्हा काढतो ना, अगदी स्वच्छ..."

"भिंतीवर मला टांगनार हायेत, तुला न्हाई."