माझा माड, नंबर अकरा

मंडळी, काल आपल्या कम्युनिटीत कुणीतरी विचारलं होतं, पेनने लिहायचा टॅबलेट वहीची जागा घेईल का? उत्तर आज मिळालं.

सकाळी गिरीजला माहेरी गेले होते. वाडीतल्या प्रत्येक माडाची नोंद बाबा वहीत ठेवायचे. ते गेल्यावर भावाने सगळं टॅबलेटवर उतरवलं आणि वही रद्दीत दिली.

मी माझा माड शोधला. बाबांनी लिहिलं होतं, "सुमनच्या बारशाला लावला." टॅबलेटवर नुसतंच, "माड नंबर अकरा."

"माझं नाव कुठाय रे?"

"ताई, माडाला नाव कशाला हवं?"

बारा नंबरपुढे त्याच्या मुलाचं नाव होतं.

तर टॅबलेट जरूर घ्या. बाबांच्या अक्षरावर काट मारायला माझ्या भावाचा हात धजला नसता. इथे माझं नाव फक्त उतरवायचं राहिलं.