हाली आणि कलदार
फरशीवर रुपया पडून खणकला की आजही माझे हात थांबतात. दूर अमेरिकेत लढाई चालली होती आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याच्या सराफाची लेक, तेल्हाऱ्याच्या कापूस-व्यापाऱ्याला दिलेली. त्या सकाळी, कापूस विकायला यांच्यासोबत गेलेला आमचा गाडीवान अमरावतीहून एकटाच परतला. अंगाला सरकीचा वास, डोळे सुजलेले. “मालक गेले, बाई. पटकीनं. वाटेतच अग्नी द्या लागला,” म्हणाला आणि कापसाच्या पैशांची थैली त्याने माझ्यापुढे ठेवली. सासूबाई जागीच कोसळल्या. मी थैली उघडली. निजामाचे हाली रुपये आणि इंग्रजांचे कलदार एकात एक मिसळले होते. तसे राहू देऊ नयेत, हे माहेरी शिकलेले. मी जात्याच्या दगडावर एकेक वाजवून दोन ढीग लावू लागले. शंभर कलदारांना एकशेपंधरा हाली, असा अदलाबदलीचा बट्टा मनात धरत गेले. “रडून घे न वं बाई, पैसे काहून मोजून राहिली?” शेजारीण म्हणाली. ऐकू आलं, पण हात चालूच होते. एक कलदार बद्द वाजला. पुन्हा वाजवला. “हा खोटा हाये,” मी म्हणाले. गाडीवानाने मान खाली घातली. “मालकाले बी तोच शक होता. ‘घरी दाखवतो तिले, तिले बराबर समजते,’ म्हनत होते.” तो रुपया अजून माझ्या पेटीत आहे. मी तो पुन्हा कधी वाजवला नाही.