खानाच्या घरचं मीठ

स्वातच्या खोऱ्यात अमीरजादाला सगळे ‘बुतांचा मुजावर’, म्हणजे मूर्तींचा सेवेकरी, म्हणत. म्हणोत बापडे! टेकडीवरचा स्तूप उकरून काढला तेव्हा त्याच्या वडिलांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या, आणि पुढे राखण लेकाच्या वाट्याला आली. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण स्तूपाच्या दगडाला कुणी हात लावला की त्याचं डोकं फिरायचं. दगडावर नाव कोरणारं पोर सापडलं, तर त्याच्या दारात जाऊन आधी बापाचा उद्धार व्हायचा.

यंदाच्या हिवाळ्यात तो तापाने अंथरुणाला खिळला. बरा होऊन पहिल्यांदा बाहेर पडला, तो बख्तमंद खानाच्या नव्या बैठकीतल्या जेवणाला. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीत, एका दगडात कोरलेली, खांद्यावर माळ घेतलेली बाळं! स्तूपाच्या पायथ्याची. त्यातलं नाक फुटलेलं बाळ त्याने झोपेतही ओळखलं असतं.

पुलाव आला. सर्वांत वडीलधाऱ्याने घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि वडीलधारा तोच.

“घ्या ना काका, निवतंय,” खान म्हणाला.

“तुझं मीठ पोटात गेलं की तुझ्याविरुद्ध तोंड उघडता येणार नाही मला. आधी तो दगड काढ.”

“अहो, शोभेचा एक दगड! त्यासाठी नवी भिंत फोडू?”

“फोड. चोरताना लाज वाटली नाही, आता कसली वाटते?”

पाहुणे ताटांकडे बघत बसले. शेवटी एकजण कळवळला, “खानसाहेब, काढा बुवा! पोटात कावळे ओरडतायत.”

पहार आली. दगड निघाला, अमीरजादाच्या शेजारी ठेवला गेला. चोरलेलं परत मिळालं, विषय मिटला, असं समजून तो भला माणूस जेवला.

खान हात धुताधुता हसला. “काका, पोटभर झालं ना? मग आता सांगायला हरकत नाही. या बैठकीचा सगळा पायाच तुमच्या स्तूपाच्या दगडांचा आहे. गाढवांच्या पाठी सोलवटल्या वाहून वाहून! आता बोला, कुठे बोलायचं ते.”

पाहुणेही हसले. बापजाद्यांची मिठाची रीत, ती या हलकटाने चोरीला कुलूप म्हणून घातली!

अमीरजादा उठला. अंगणात जाऊन सगळ्यांदेखत घशात बोटं घातली आणि खानाचा पुलाव खानाच्याच दारात ओकून टाकला.

“हे घे तुझं मीठ,” तो म्हणाला. तोंड पुसलं, दगड खांद्यावर घेतला आणि पोलीस ठाण्याची वाट धरली.