भाऊ, गळा द्या

"भाऊ, गळा द्या." स्कूटर उभी केली की सरांचं पहिलं वाक्य हेच. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी काठी उचलली असती.

पहिल्या दिवशी उचललीही होती. कोरोनाच्या बंदीत सावली तालुक्यातल्या आमच्या गावाने वेशीवर बांबू आडवा बांधला आणि राखणीला मला बसवलं. मी तिसरी नापास, पण त्या बांबूपाशी मी कलेक्टर होतो. सख्ख्या जावयाला परत पाठवलं, तिथं हा हेल्मेटवाला मास्तर कोण?

"कोन पाह्यजे?"

"तुमची नात."

"शाळा बंद हाये."

"म्हनूनच त आलो न, भाऊ."

माझी नात सुमी जन्मापासून बहिरी. तिचे आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले ते तिकडेच अडकले. हे सर अशा पोरांना शिकवत गावोगाव फिरायचे, कंत्राटावर. दोन वर्षं खपून त्यांनी सुमीला बारा शब्द बोलायला शिकवले होते. म्हणाले, "रोज बोलली नाई त हे बाराही जातीन, भाऊ. मंग पुन्हा आननं लय कठीन हाये."

सरकार काही झोपलं नव्हतं. मोबाईलवर धडे येत होते. रेंज फक्त तलावाच्या उंच पाळीवर, म्हणून सुमीला तिथं नेलं. पडद्यावर फुलांची चित्रं आणि मागून कोणी बाई गोड गळ्याने कविता म्हणत होती. बहिऱ्या पोरांसाठी आवाज मात्र एकदम साफ ठेवला होता.

सरांना मी बांबूच्या आत घेतलं नाही. नियम म्हणजे नियम, त्यातून तो माझा. ते पलीकडे, सुमी अलीकडे, मध्ये दहा हात. सर मास्क हनुवटीखाली ओढून ओठ दाखवायचे. पण आवाज निघतो कसा, हे अशा पोरीला बोटांनी कळतं. बोलणाऱ्याच्या गळ्यावर हात ठेवावा लागतो. सरांचा गळा माझ्या नियमापलीकडे. मग उरला कोणाचा?

"म्हना, गाय."

"गाय."

"तिच्याकडे पाहून म्हना न. तिच्यावर काऊन रागावून राह्यले?"

वेशीवर सुमीची बोटं माझ्या गळ्यावर, आणि मी चाळीस वेळा गाय म्हणतोय. पाण्याला निघालेली एक बाई थांबून म्हणाली, "काऊन भाऊ, गाय हरवली का?" सर हसले नाहीत. "भाऊले एक शब्द आला," म्हणाले, "आता दुसरा देतो."

असा अपमान माझा तिसरीच्या गुरुजींनीही केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी रोज दाढी करून बसू लागलो. पोरीच्या बोटांना खुंट टोचायचे.

ईदच्या दिवशीही सर आले. शेवयांचा डबा बांबूवर ठेवून दहा हात मागे सरले. नियमात डब्याबद्दल काही नव्हतं, म्हणून मी तो घेतला.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, कामात हुशार आणि कागदात ढ. वरून हुकूम होता की पोरीसमोर मोबाईल धरा, फोटो काढा, पाठवा. झालं शिक्षण. मी म्हटलं, "पाठवून द्या न सर, एका फोटोनं काय जाते तुमचं?"

"पोरगी ऐकूनच नाई राह्यली, त फोटो कायचा पाठवू?" आणि पुन्हा, "गळा द्या."

पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या चिखलातूनही ते येत राहिले. शाळा उघडल्या तेव्हा बांबू केव्हाच निघाला होता आणि सुमीजवळ एकतीस शब्द होते. सर मात्र आले नाहीत. फोनही बंद.

मी सुमीला घेऊन तालुक्याच्या हापिसात गेलो. बाबूने संगणकात पाहिलं. "त्यांचा एकही ऑनलाइन वर्ग नाही. एकही फोटो नाही. काम केल्याचा पुरावा नाही, म्हणून कंत्राट वाढवलं नाही."

"पुरावा आनला न," मी म्हटलं आणि सुमीला पुढे केलं.

"हिला बोलता येते का?"

सुमी टेबल धरून उभी राहिली. तिचा आवाज फाटका, सरळ रेघेसारखा. पण शब्द सुटे निघाले.

"सर कुठी?"

"काय म्हणते ही?" बाबूने मला विचारलं.

"साऱ्या हापिसाले ऐकू आलं, साहेब. तुम्हालेच नाई आलं?"

सुमी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. उत्तर तिथूनच येतं, असं सरांनी तिला शिकवलं होतं. बाबूचं तोंड काही हाललं नाही.