हवं ते वचन निघेपर्यंत

असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने ट्रंकेतल्या कपड्यांना बुरशी धरते ना, तसे ते आपोआप धरत जातात. मग एक दिवस झाकण उघडलं की वास येतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी सात-आठ वर्षं मी तिथल्या मिशन दवाखान्यात नर्स होते. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. स्टेशनावरचे कारकून, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, बंगल्यांवरचे खानसामे, आया, दोन मास्तरणी. सगळे मनापासून देव मानणारे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, ढोंगी होते मेले. ढोंगी असते तर मला एवढा राग आला नसता. ढोंगी माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं!

*

आमच्यात वचन काढायची पद्धत होती. अडचण आली की प्रार्थना करायची, डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे देवाचं उत्तर. बदली घ्यावी का, मुलगी द्यावी का, म्हैस विकावी का, सगळ्याला वचन.

दानिएल फायरमन आणि त्याचा शेजारी एलिया यांच्या कुंपणावर एक जांभळाचं झाड होतं. जांभळं धरली की दोन्ही घरांत जुंपायची. एका वर्षी दोघांनीही वचन काढलं आणि दोघांनाही देवानं झाड देऊन टाकलं! प्रकरण पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या देवळाच्या पाद्रींकडे, गेलं. ते म्हणाले, अरे, एकच झाड देव दोघांना कसं देईल?

दानिएल शांतपणे म्हणाला, "देव बरोबरच आहे साहेब. एलियाचं बोट घसरलं."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता नाही हसू येत.

*

सॅम्युएलराव हे आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल मान त्यांचा. स्टेशनात मालाच्या ऑफिसात कारकून. रोज पहाटे तासभर गुडघ्यावर. गुडघ्यांना घट्टे पडलेले मी स्वतः पाहिलेत, मलम मीच लावायचे.

एका वर्षी देवीची साथ आली. वडगावहून देवी टोचणारा आला तर सॅम्युएलरावांनी त्याला दारातूनच परत लावलं. आमचा विश्वास आहे, आमच्या लेकरांना सुई नको, म्हणाले. मी जाऊन हातापाया पडले, पण ऐकलं नाही. धाकट्या मुलीला देवी आल्या. पोर वाचली, पण तोंडाची चाळण झाली. देवानं परीक्षा पाहिली, म्हणाले.

त्याच वर्षी जनावरांत बुळकांडी आली. गुरांचा डॉक्टर टोचायला आला तेव्हा रांगेत पहिली गाय कोणाची? सॅम्युएलरावांची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर रस्त्यात विचारलं, वडील, आता कुठे गेला तुमचा विश्वास?

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. म्हणाले, "नर्सबाई, गाईला कुठं विश्वास असतो?"

*

त्यांची बायको रिबेकाबाई. बायकांची प्रार्थनासभा ती चालवायची. गळा गोड, हात सढळ, कोणी आजारी पडलं की पेजेचं भांडं घेऊन आधी हजर. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मडमसाहेबांनी एकदा सभेत गर्भ पाडण्याबद्दल सांगितलं. पोटातला जीव देवाचा असतो, त्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही, असं. मला ते पटलं होतं, आजही पटतं. पण सगळ्यांत जास्त पटलं रिबेकाबाईला. तिनं तिथल्या तिथे सगळ्या बायकांना हात वर करायला लावून शपथ घ्यायला लावली.

एवढ्यावर न थांबता ती टांगा करून कार्ल्याला गेली. तिथे एक म्हातारी होती, मुळ्या-पाले देऊन बायकांना मोकळ्या करणारी. आसपासच्या गावांतल्या बायका तिच्याकडे जायच्या. मला घेऊन गेली बरोबर. म्हातारी अंगणात भात पाखडत बसली होती. रिबेकाबाईनं तिला पाप, नरक, न्यायाचा दिवस, सगळं ऐकवलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं नाही.

"व्हय बाई," ती म्हणाली. "तुमच्यातल्या बी लय येत्यात. फकस्त त्या मागल्या दारानं येत्यात."

परतताना रिबेकाबाई टांग्यात डोळे पुसत होती. मला म्हणाली, बघितलंत, अज्ञानात राहिलेली माणसं किती खोटं बोलतात!

*

सारू त्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. वीस वर्षांची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, आईबाप नाहीत. रिबेकाबाईच्या थोरल्या मुलानं, प्रभाकरनं, लग्न करीन म्हणून तिला नादी लावलं. आणि इकडे त्याचं लग्न नगरच्या एका पाळकांच्या मुलीशी ठरलेलं. सारूला दिवस गेले.

दुपारच्या वेळी रिबेकाबाई माझ्या खोलीवर आली. आधी माझा हात धरून प्रार्थना केली, मग बोलली. सारूचा महिना अडकलाय, तेवढा मोकळा करून द्या. मी म्हटलं, बाई, महिना अडकलेला नाही, तिसरा चाललाय. सभेत हात वर करून घेतलेत ते कशासाठी? त्यावर ती म्हणाली, ते वेगळं. ते लोक पाडतात. इथे एका घराची साक्ष, चारचौघांतलं नाव, मोडायची वेळ आलीय, देवाच्या कामाला बट्टा लागेल. आणि मी वचन काढलंय.

"किती वेळा काढलंत?" मी विचारलं.

तीनदा. लपवलंही नाही तिनं. पहिल्यांदा निघालं अनाथाला छळू नये अशा अर्थाचं. दुसऱ्यांदा नुसती कुठल्याशा राजांची नावं. तिसऱ्यांदा आलं कपडे धुऊन स्वच्छ होण्याबद्दल. मग पहिलंच का नाही धरलं, मी विचारलं.

"तेव्हा मन स्थिर नव्हतं हो," ती म्हणाली. "सैतान नेमका अशाच वेळी मध्ये बोट घालतो."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटेपणा औषधालाही नव्हता. मारावंसं वाटलं मला तिला. मी नाही म्हणाले, आणि दार उघडून सारूला आत बोलावलं. ती बाहेर पायरीवर बसवून ठेवलेली होती. रिबेकाबाईच्या समोरच तिला विचारलं, तुला काय हवंय?

तिनं आधी रिबेकाबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला अजून कोणी विचारलंच नव्हतं. मला पोर हवंय, नर्सबाई. माझं असं मला कोणीच नाही."

रिबेकाबाईनं तिला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि घेऊन गेली.

*

मी तशीच पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, प्रभाकरचं नाव घेऊन सांगितलं. ते जेवायला बसत होते. ताटावरून उठले, हात धुतले, आणि मला समजावू लागले. सॅम्युएलरावांच्या घरी दोन वेळा प्रार्थना होते. प्रभूचा आत्मा ज्या घरात नांदतो ते घर असल्या उघड गोष्टीत फसेल कसं? तुमचाच काही गैरसमज झाला असेल.

मी म्हटलं, साहेब, गेल्याच रविवारी तुम्ही तासभर सांगितलंत की सैतान चांगल्यातल्या चांगल्या विश्वासणाऱ्यालाही भुलवतो.

ते म्हणाले, "ते सर्वसाधारण सांगितलं होतं."

आणि पुन्हा ताटावर जाऊन बसले. तिथून मी सारूकडे जायला हवं होतं, तिला ओढून माझ्या खोलीवर आणायला हवं होतं. मी दवाखान्यात गेले. मी नाही म्हटलंय, पाळकांना सांगितलंय, माझं काम झालं, असं मला वाटलं. देवाचं सगळं नीट केल्यासारखी त्या दिवशी मी जेवलेही.

*

चार दिवसांनी सारूला टांग्यातून दवाखान्यात आणलं. कुठून, ते मला टांगेवाल्यानं सांगितलं. कार्ल्याहून. मडमसाहेबांनी आणि मी नऊ दिवस तिच्यापाशी काढले. जीव वाचला. मूल गेलं होतं, आणि पुन्हा होईल याची खात्री नाही असं मडमसाहेब म्हणाल्या. शुद्धीवर आल्यावर सारूनं मला सांगितलं, तापाचं औषध म्हणून पाजलं. ताप नाही म्हटलं तर बाई म्हणाल्या, आत आहे.

त्या नऊही दिवसांत रिबेकाबाई पेज घेऊन यायची. पलंगाशी गुडघे टेकून रडायची. रडणं खरं होतं हो, हेच तर मला सहन होत नव्हतं. दहाव्या दिवशी मी पेजेचं भांडं घेतलं आणि तिच्यासमोर मोरीत ओतलं. ती म्हणाली, तुमच्या मनात कडवटपणा शिरलाय, मी तुमच्यासाठीही प्रार्थना करते.

*

मग मंडळीची सभा बसली. सारूचं प्रकरण. आमच्यात मोठं पाप झालं की मंडळीसमोर उभं राहून कबूल करायचं, आणि मंडळीनं ठरवलं तर पटावरून नाव कमी व्हायचं. नाव कमी झालं की बोर्डिंगचं दार बंद, आणि एकही ख्रिस्ती घर कामाला ठेवायचं नाही. सारूला दुसरं घरदार कुठलं? सगळ्यांना ठाऊक होतं.

सॅम्युएलराव मंडळीचे वडील, म्हणून तेच पुढे बसले होते. प्रभाकर लग्नाच्या तयारीला नगरला. सारूला अजून नीट उभं राहवत नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, गर्भ पाडल्याचं पाप कबूल आहे का?

ती म्हणाली, "मला तापाचं औषध म्हणून दिलं. कोणी दिलं ते देणाऱ्यांना ठाऊक आहे."

कोणी, हे एकानंही विचारलं नाही. दानिएल नाही, एलिया नाही, मास्तरणी नाहीत. शपथेला हात वर केलेल्या सगळ्या बायका तिथे होत्या. नाव कमी करायचं ठरलं. पाळकसाहेब म्हणाले, कोणाला काही बोलायचंय?

मी उठले. सगळं पाठ करून आले होते. कार्ले, टांगा, प्रभाकर, तीन वेळा उघडलेलं शास्त्र, एकेक शब्द. तोंड उघडलं, तेवढ्यात सॅम्युएलराव म्हणाले, "आधी प्रार्थना करू."

झालं. सवयीनं मी खाली बसले, डोळे मिटले.

सॅम्युएलरावांचा आवाज भरून आला होता. त्यांनी त्या पोरीसाठी क्षमा मागितली. तिच्यासाठी अन्नवस्त्र मागितलं. आणि मग, प्रभो, आमच्या घरावर एवढं संकट आणून तू आम्हांला त्यातून निष्कलंक बाहेर काढलंस, यासाठी तुझे आभार मानतो, असं म्हणाले. हुंदका ऐकू आला सगळ्यांना.

"आमेन," सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं.

मीही म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.

डोळे उघडले तर समोर सारू. तिनं डोळे मिटलेच नव्हते. ती माझ्याकडे बघत होती.