नासाऊ नेमकं कुठलं?

"ही कंपनी करते काय?" मी दादाला सरळ विचारलं.

"सोल्युशन्स देते."

सोल्युशन्स म्हटलं की माझे कान टवकारतात. स्टुटगार्टच्या स्टेशनबाहेर करबुडव्यांविरुद्ध पत्रकं वाटून मी एवढं शिकले आहे, की ज्याला आपला धंदा एका साध्या वाक्यात सांगता येत नाही, तो दुसऱ्याच्या खिशात हात घालून उभा असतो.

"झालं सुरू पुढारीणबाईंचं," दादा म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागला.

तो इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढलं नाही. आउसलेंडरबेहोर्डनं, म्हणजे परदेशी लोकांचं ठरवणाऱ्या कचेरीनं, नवी नोकरी शोधायला मुदत दिली होती आणि ती संपत आली होती. नोकरी नाही मिळाली तर दादा, वहिनी आणि किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जाणारी माझी भाची, तिघांचं बिऱ्हाड परत पुण्याला. अशात ही ऑफर आली. मुख्य कार्यालय: नासाऊ.

दादानं नकाशा उघडला. कोब्लेन्झच्या पुढे, लान नदीच्या काठी, नासाऊ. टेकडीवर किल्ला, खाली टुमदार गाव. वहिनीनं तिथली किटा शोधून ठेवली. राहत्या घराचं क्युंडिगुंग, म्हणजे घर सोडत असल्याची नोटीस, सोमवारी संध्याकाळी घरमालकाला द्यायची ठरली. या शहरात एकदा सोडलेलं घर पुन्हा मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"एवढ्याशा गावात सोल्युशन्स देणारी कंपनी?" मी म्हटलं.

"जर्मनीत छोट्या गावांतच मोठ्या कंपन्या असतात. गेनाऊ, नेमकं हेच तुला कळत नाही. इंटरव्ह्यू घेणारा मॅनेजर मात्र मजेशीर आहे. अमेरिकन असावा. गावाचा उच्चारसुद्धा येत नाही त्याला. नॅसॉ, नॅसॉ करत होता. शेवटी मीच उच्चार सुधारून दिला."

"मग?"

"हसला तो. म्हणाला, आमच्याकडे बारा महिने ऊन असतं."

"लान नदीवर?"

"विनोद करत असेल गं!"

मला तो विनोद वाटला नाही. होस्टेलवर परतले, तर स्वयंपाकघरात माझी शेजारीण केळी तळत होती. ती बहामा बेटांवरची, इथे पाण्याच्या शुद्धीकरणात मास्टर्स करते. तिला दादाची ऑफर आणि उच्चाराचा किस्सा सांगितला, तशी तिनं झारा खाली ठेवला.

"तुझ्या भावाला सांग, उच्चार त्या माणसाचाच बरोबर आहे. नॅसॉ आमची राजधानी. त्या जर्मन गावाच्या घराण्यातला एक जण इंग्लंडचा राजा झाला, त्याच्यावरून आमचं नाव पडलं. गाव तुमचं, ऊन आमचं."

मग तिनं आपलं शहर मला समजावून सांगितलं. "आमच्याकडे दोन प्रकारचे पाहुणे. एक बोटीतून येतात. उन्हात फिरतात, माझ्या आईकडून गवताची पिशवी घेतात, तीही घासाघीस करून, आणि जेवायला परत बोटीवर जातात. तिथल्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात ना! बोटी सुटल्या की रस्ता ओस. दुसरे पाहुणे येतच नाहीत. कर वाचवायला त्यांच्या कंपन्यांच्या नुसत्या पाट्या येतात."

"म्हणजे चोरांच्या."

"आल्झो, ऐक पत्रकवाली, आमच्या शहराला चोरांचं बेट लिहिलंस तर तळलेली केळी बंद. चोर तिकडे राहत नाहीत, त्यांना उकाडा सोसत नाही. ते इथेच राहतात, बागा असलेल्या घरांत. आम्ही पाट्या पुसतो."

 मराठीत पत्ता म्हणजे ठिकाण आणि पत्ता म्हणजे मागमूसही. या कंपनीचा पत्ता होता, पण पत्ता नव्हता.

सोमवारी दुपारी, नोटीस द्यायच्या आधी, मी दादाला हे सगळं सांगून कंपनीला फोन लावायला लावला. तिकडे सकाळ होती. वहिनीनं फोन स्पीकरवर टाकला.

"गुड मॉर्निंग, कोणत्या कंपनीसाठी?" एका बाईचा आवाज आला.

दादानं माझ्याकडे पाहिलं. कंपनीला फोन केल्यावर कंपनीच विचारते, कोणती कंपनी? त्यानं नाव सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज.

"हो, आहे. निरोप घेऊ का?"

"मला इंजिनिअरिंग टीममधल्या कुणाशी तरी बोलायचंय. तिथे कोण बसतं?"

"इथे मी बसते, सर."

दादानं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

"तिला झापायचं नाही का?" मी उसळले.

"ती फोन उचलायच्या पगारावर आहे. तिला काय झापायचं?"

बरोबर होतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. ओरडायला समोर माणूसच सापडू नये, एवढ्यासाठीच तर असल्या पाट्या लागतात. तिच्या शहराच्या वाट्याला तिचा पगार, आमच्या वाट्याला तिचा आवाज, आणि बाकीचं कुठे जातं ते कुणी सांगत नाही.

"वन्संबाई, भाषण नंतर," वहिनी म्हणाली आणि दादाकडे वळली. "अरे, तू आधी नाही म्हणून कळव. घर सोडायचं नाही. उद्या बेहोर्डमध्ये जाऊन मुदत वाढवून मागू."

"नाही दिली तर?"

"तर पुण्याला इथूनच जाऊ. स्वतःच्या दारातून."

भाची खेळण्यांतून मान वर काढून जर्मनमध्ये विचारत होती, आपण किल्ल्याच्या गावाला जाणार ना? "नाही गं राणी," वहिनी म्हणाली. पोर रडायला लागली.

दादानं दोन ओळींचा ईमेल लिहिला. मी येऊ शकत नाही, धन्यवाद. पाठवल्या क्षणी उत्तर आलं. आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत आहे.

"वाचलंसुद्धा नाही मेल्यांनी," वहिनी म्हणाली आणि बेहोर्डची अपॉइंटमेंट शोधायला बसली.